निळ्या ठिपक्यांचा पाकट

(शास्त्रीय नाव : टीनियुरा लिम्मा, कुल : डॅसियाटिडी). उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांजवळ राहणारा छोटा पाकट मासा. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा पूर्व किनारा, हिंदी महासागर व आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो.

शरीर चपटे, लंबगोल. रुंदी जास्तीत जास्त ३५ सेंमी.च्या आसपास. पिवळसर तपकिरी पाठीवर झगझगीत निळे ठिपके, शेपटीच्या दोन्ही बाजूंना तशाच निळ्या पट्ट्या आणि वर उठून आलेले पिवळे डोळे. कोकणच्या बाजारात दिसणाऱ्या मळकट रंगाच्या पाकटांची सवय असलेल्यांना हा त्यांचाच भाऊबंद आहे हे चटकन पटणार नाही. डोळ्यांमागे एकेक छिद्र असते. तळाशी टेकलेला असताना मासा त्यातून पाणी आत घेतो व पोटाकडील कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडतो.

त्याचा दिनक्रम भरती-ओहोटीवर चालतो. पाणी चढू लागले की हे मासे गटाने उथळ वाळूवर येतात आणि शिंपल्यांतील जीव, कोळंबी, खेकडे, किडे शोधतात. सावजाचे क्षीण विद्युत्‌क्षेत्र ओळखणारी इंद्रिये तोंडाभोवती असतात. सावज सापडले की त्यावर अंग दाबून धरायचे आणि ते तोंडाखाली आणायचे, ही त्याची रीत. ओहोटी लागताच गट पांगतो व प्रत्येक जण कपारीत शिरतो. इतर अनेक पाकटांप्रमाणे हा स्वतःला वाळूत सहसा पुरून घेत नाही. कपारीबाहेर राहिलेली निळी शेपटीच बहुधा पाणबुड्यांच्या नजरेस पडते.

शेपटीवर, टोकाच्या बाजूला, एक किंवा दोन विषारी काटे असतात. मासा स्वभावाने भित्रा. पाय पडला किंवा हाताळला तरच काटा मारतो. वेदना तीव्र असतात. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्याने आराम पडतो, पण डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

मादी अंडी घालत नाही. पोटातील पिलांचे पोषण आधी पिवळ्या बलकावर, नंतर गर्भाशयातील स्रावावर होते. एका वेळी सातपर्यंत पिले होतात आणि जन्मतःच त्यांच्या अंगावर निळे ठिपके असतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन पीटर फोर्सकाल याचे. डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेत तो १७६३ मध्ये येमेनमध्ये वारला. त्याच्या टिपणांचा ग्रंथ सहकारी कार्स्टेन नीबूर याने १७७५ मध्ये प्रसिद्ध केला. घारापुरीच्या लेण्यांचे वर्णन करणारा नीबूर तो हाच. मोहिमेतून एकटा तोच जिवंत परतला.

प्रवाळखडकांचा ऱ्हास व मासेमारी यांचा या जातीला उपद्रव होतो. देखणेपणामुळे शोभेच्या मत्स्यालयांसाठीही तो पकडला जातो, ही मात्र निव्वळ हानी आहे : बंदिवासात हे मासे पुष्कळदा अन्न घेत नाहीत व मरतात. घरच्या टाकीत तो ठेवू नये.