हौसेचं ट्रॅक ड्रायव्हिंग आणि गाडीचा विमा

‘शर्यत नाही, नुसती हौस म्हणून ट्रॅकवर गाडी पळवली तर नेहमीचा फुल इन्शुरन्स चालतो,’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पटतोही, कारण काही पॉलिसींत अपवाद खरोखर शर्यतीपुरताच असतो. पण बऱ्याच पॉलिसी शर्यतीसोबत वेगचाचणीही वगळतात, आणि काही तर रेसिंग ट्रॅकवरचा कुठलाही वापर, अगदी प्रशिक्षणसुद्धा. मग स्पर्धा होती की नव्हती, हा प्रश्नच उरत नाही.

विम्याच्या एकपानी सर्टिफिकेटवरून हे पूर्ण कळेलच असं नाही. पॉलिसीचा पूर्ण मजकूर उघडून अपवादांत ‘ट्रॅक’, ‘सर्किट’, ‘स्पीड टेस्टिंग’ शोधा. शंका उरली तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या; एजंटचं फोनवरचं ‘होईल हो’ क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही. काही देशांत एका दिवसाचा ट्रॅक-विमा मिळतो, पण तो बहुधा स्वतःच्या गाडीपुरता. दुसऱ्याची ठोकली तर त्याची भरपाई त्यात सहसा नसते.