साडेचारशे व्होल्टपर्यंत जाणारी माणसं

१९६१ सालचा ऑगस्ट. जेरुसलेममध्ये आडॉल्फ आइकमनवर खटला चालू होता. लाखो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवणारा हा अधिकारी ‘मी फक्त हुकूम पाळले’ असं सांगत होता. त्याच दिवसांत अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रम नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. माणूस मुळात क्रूर असतो का, असा वाद निघाला की आजही या प्रयोगाचा दाखला दिला जातो, आणि बहुतेक वेळा अर्धवट दिला जातो.

स्मरणशक्तीवरच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, अशी जाहिरात वर्तमानपत्रात होती. मोबदला चार डॉलर आणि गाडीभाड्याचे पन्नास सेंट. आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ केलं जाई. ‘विद्यार्थी’ शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधलेला असे. उत्तर चुकलं की शिक्षकाने विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवत न्यायचा. समोरच्या यंत्रावर एका ओळीत ३० बटणं होती, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत. बटणांखाली ‘हलका झटका’पासून ‘धोका : तीव्र झटका’पर्यंत पाट्या होत्या, आणि शेवटच्या दोन बटणांखाली नुसत्या तीन फुल्या. विद्यार्थी मिलग्रमचाच माणूस होता आणि झटके खोटे होते, पण शिक्षकाला हे ठाऊक नव्हतं. ३०० व्होल्टला विद्यार्थी भिंतीवर धडका मारी. ३१५ नंतर पलीकडून काहीच येत नसे.

मिलग्रमने आधी मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला होता. शेवटचं बटण हजारात एखादाच दाबेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रत्यक्षात ४० पैकी २६ जणांनी ते दाबलं. म्हणजे ६५ टक्के.

हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला आणि जगभर फिरला. पण त्या ४० जणांना हे करताना काय होत होतं, तेही मिलग्रमने नोंदवलं आहे. लोक घामाने डबडबले, थरथरले, अडखळत बोलले, ओठ चावत राहिले. १४ जणांना मधेच विचित्र, आवरता न येणारं हसू फुटलं. दुसऱ्याला दुखवण्यात ज्याला सुख वाटतं त्याची ही लक्षणं नव्हेत. पुढे जात असतानाही आतून काहीतरी त्यांना जोराने मागे ओढत होतं.

शिवाय तो एकच प्रयोग नव्हता. मिलग्रमने त्याचे वीसहून अधिक प्रकार करून पाहिले. विद्यार्थी त्याच खोलीत समोर बसला की शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून धातूच्या पट्टीवर दाबावा लागला तेव्हा ३० टक्के. एरवी शिक्षकाजवळ बसून त्याला पुढे जायला सांगणारा शास्त्रज्ञ बाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा साधारण २० टक्के. शेजारी बसलेल्या आणखी दोन ‘शिक्षकां’नी (हेही मिलग्रमचेच) नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. माणूस जन्मतः क्रूर असता, तर शेजारच्या दोघांनी नाही म्हटल्याने एवढा फरक पडला नसता.

मग काय, माणूस हुकमाचा गुलाम म्हणायचा? मिलग्रमचा निष्कर्ष साधारण तसाच होता, पण मला तो पटत नाही. शिक्षक कचरला की शास्त्रज्ञ ठरलेली चार वाक्यं क्रमाने बोलत असे. पहिलं विनंतीवजा : ‘कृपया चालू ठेवा.’ दुसरं : ‘प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं आवश्यक आहे.’ चौथं मात्र सरळ हुकूम होता : ‘तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं.’ पुढे मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी हा प्रयोग १५० व्होल्टपर्यंतच नेऊन पुन्हा केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथं वाक्य ऐकावं लागलेला एकही जण पुढे गेला नाही. लोक मान तुकवत होते ते विज्ञानाच्या कामासाठी. नुसता हुकूम सुटला की पाय रोवत होते. अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायशर या मानसशास्त्रज्ञांनी येलमधली जुनी कागदपत्रं तपासली. त्यांत सहभागी झालेल्यांचे नंतरचे अभिप्राय होते, आणि विज्ञानाला हातभार लावल्याचं समाधान अनेकांनी व्यक्त केलं होतं. आपण काही चांगलं करतो आहोत, या भावनेनेच ती माणसं ४५० पर्यंत गेली, असं या दोघांचं म्हणणं आहे. मला ते ६५ टक्क्यांच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करणारं वाटतं.

कारण प्रयोगशाळेच्या बाहेर पाहिलं तर हेच दिसतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज बरेच दिवस मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी गावकऱ्यांच्या संशयाला बळी पडले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. मारणाऱ्यांना त्या क्षणी विचारलं असतं, तर आपल्या लेकरांना वाचवतोय असंच त्यांनी सांगितलं असतं. यातून त्यांचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. पण पोराबाळांची काळजी ही माणसातली सगळ्यात कोवळी भावना, आणि ती त्या खोलीत हजर होती, हे मान्य केल्याशिवाय असं का घडतं ते कळणार नाही. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मेलेले पाचही जण भटक्या जमातीचे होते. गावात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, ‘थांबा, हे आपले आहेत’ असं म्हणणारंही कुणी नव्हतं.

उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनाही ही दोन टोकं एकाच प्राण्यात सापडतात. २०१६ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या १,०२४ जातींची माहिती एकत्र केली. स्वजातीयाच्या हातून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सरासरी ०.३ टक्के निघालं. वंशवृक्षातल्या माणसाच्या जागेवरून त्याच्यासाठी जे प्रमाण अपेक्षित होतं, ते २ टक्के, म्हणजे सरासरीच्या सहापट. हिंसेचा वारसा आपल्याला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्यक्षातलं प्रमाण काळाप्रमाणे आणि समाजव्यवस्थेप्रमाणे भरपूर वरखाली होत आलं आहे, आणि आजच्या बहुतेक देशांत ते त्या २ टक्क्यांच्या बरंच खाली आहे.

चिंपांझींचा दीर्घकाळ अभ्यास केलेले रिचर्ड रँगहॅम इथे एक उपयोगी भेद करतात. एक आक्रमकता भडकून होणारी : धक्का लागला, डोकं फिरलं, हात उचलला. दुसरी थंड डोक्याने, ठरवून, बहुधा गटाने केलेली. पहिलीत माणूस चिंपांझीपेक्षा फारच शांत आहे. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात जेवढी अनोळखी माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, तेवढे अनोळखी चिंपांझी एका डब्यात कोंडले तर रक्तपात होईल. दुसऱ्या प्रकारात मात्र आपण चिंपांझींनाही मागे टाकलं आहे. असं का झालं, याचं रँगहॅम यांचं उत्तर वादग्रस्त आहे. दांडगाई करणाऱ्यांना इतरांनी संगनमताने संपवलं, म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या माणसाळत गेलो, असं ते म्हणतात. हे उत्तर पटो न पटो, भेद मात्र पक्का आहे. सौम्यपणा आणि कट करण्याची ताकद एकाच मेंदूत राहतात.

तान्ह्या बाळांवरून हा प्रश्न सुटेल अशी आशा काही काळ होती. सहा महिन्यांची बाळंही दुसऱ्याला अडवणाऱ्या बाहुलीपेक्षा मदत करणारी बाहुली पसंत करतात, असं २००७ मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. पुढे पाच खंडांतल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा केला. २०२४ मध्ये निकाल आला : मदत करणारी बाहुली निवडणारी बाळं जेमतेम निम्मी. दीड वर्षाची पोरं मात्र मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतात, हे मायकेल टोमासेलो आणि फेलिक्स वार्नेकेन यांनी दाखवलं आहे.

मोठ्यांबद्दलचा पुरावा जास्त भरवशाचा आहे, आणि तो आपल्या समजुतीच्या उलट जातो. रस्त्यावर मारामारी झाली की लोक बघत उभे राहतात, असं आपण धरून चालतो. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तीन शहरांमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दहांपैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मधे पडला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईकरांनी छातीएवढ्या पाण्यात दोर बांधले, बिस्किटं आणि पाणी वाटलं, अनोळखी माणसांना घरात झोपायला जागा दिली. आपत्तींचा अभ्यास करणारे १९६०च्या दशकापासून सांगत आले आहेत की संकटात घबराट आणि लुटालूट अपवादाने होते, मदत सर्रास होते. त्या पाण्यात सगळेच एकसारखे भिजलेले होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

‘आपलं’ कोण, ही रेघ सरकते कशी, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क लेव्हिन यांच्या प्रयोगात. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्यांना संघाविषयी प्रश्न विचारले गेले. मग दुसऱ्या इमारतीकडे जाताना त्यांच्यासमोर एक धावणारा माणूस पडला आणि घोटा धरून कळवळू लागला. अंगात मँचेस्टरचा शर्ट असला तर १३ पैकी १२ जण मदतीला धावले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा शर्ट असला तर १० पैकी ३. साधा शर्ट असला तर १२ पैकी ४.

दुसऱ्या फेरीत लेव्हिन यांनी प्रश्न बदलले. आता चाहत्यांना त्यांच्या संघाबद्दल काही विचारलं नाही, फुटबॉलप्रेमी म्हणून खेळाबद्दल विचारलं. बाकी सगळं तेच. या वेळी लिव्हरपूलच्या शर्टातल्या माणसाला ७० टक्के चाहत्यांनी हात दिला. काही मिनिटांच्या प्रश्नांनी शत्रू आपला झाला होता. साध्या शर्टातल्या माणसाकडे मात्र या फेरीतही साधारण पाचातल्या एकानेच वळून पाहिलं. तो कोणत्याच संघाचा नव्हता.