टाइम कंट्रोल आणि चेस इंजिनांची ताकद

टाइम कंट्रोल म्हणजे डावासाठी किंवा चालींसाठी ठरवून दिलेला वेळ, आणि चेस इंजिन, म्हणजे चेस खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, किती स्ट्रॉंग आहे हे तो वेळ सांगितल्याशिवाय सांगताच येत नाही. पुण्यात मुलाला चेस क्लासला घालणारे आईबाबा नेहमी विचारतात की सगळ्यात भारी इंजिन कुठलं, मग कुणीतरी ३६०० वगैरे रेटिंग (ताकदीचे पॉइंट) सांगून मोकळं होतं. पण तो आकडा कुठल्या घड्याळावर आणि कुठल्या मशीनवर काढला हे सोबत नसेल तर त्यातून काहीच कळत नाही.

कारण असं की इंजिन पुढच्या चालींचं झाड धुंडाळत जातं. एका पोझिशनमध्ये सरासरी ३५ च्या आसपास चाली असतात, त्यातल्या बहुतेक ते छाटून टाकतं, तरी आणखी एक चाल पुढे बघायची म्हणजे काम पटीत वाढतं, त्यामुळे वेळ दुप्पट दिला म्हणून खोली, म्हणजे किती चाली पुढे बघतं ते, काही दुप्पट होत नाही, थोडीशीच वाढते. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ केन थॉम्प्सनने त्याच्या बेल नावाच्या चेस खेळणाऱ्या मशीनला १९८० च्या सुमारास स्वतःशीच खेळवून पाहिलं होतं, तेव्हा एका बाजूच्या एका चालीइतकी जास्त खोली दिली की साधारण २०० रेटिंग पॉइंट वाढायचे. ते उथळ सर्चचं झालं. आजची इंजिनं इतकी खोल बघतात की तेवढ्याच जादा वेळाचा फायदा घटत जातो आणि डाव बरोबरीत सुटायला लागतात. म्हणून ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, दोन इंजिनांत जो फरक दिसतो तो लांब डावात आकसतो, यादीतला क्रम तोच राहिला तरी. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) देतात आणि त्याच ओपनिंगवर दोन्ही इंजिनांना दोन्ही रंगांनी खेळवतात ते याचमुळे, नाहीतर निकालच लागायचा नाही.

माणसाशी तुलना केली तर घड्याळाचा परिणाम अगदी उघडा दिसतो. १९९४ मध्ये कास्पारोव लंडनला २५ मिनिटांच्या रॅपिडमध्ये चेस जीनियस या प्रोग्रामकडून हरला, कॉम्प्युटरकडून क्लासिकल, म्हणजे लांब डावांची, मॅच हरायला मात्र १९९७ उजाडलं. आणि आपल्या आनंदचं १९९८ मधलं उदाहरण तर प्रत्येक क्लासमध्ये सांगायला हवं: रेबेल १० या प्रोग्रामविरुद्ध आठ डाव, त्यात ५ मिनिटांचे चार ब्लिट्झ रेबेलने ३-१ जिंकले, १५ मिनिटांचे दोन डावही दीड-अर्धा असे त्याचेच, पण ४० चालींना दोन तास मिळाल्यावर आनंदने दीड-अर्धा असा हिशोब उलटा केला. प्रोग्राम तोच, माणूस तोच, बदललं फक्त घड्याळ. वेळ मशीनलाही जास्त मिळाला होता, पण त्याचा उपयोग त्या काळी माणसाने जास्त केला.

इंजिन विरुद्ध इंजिनमध्ये गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंडच्या, स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ या नावाजलेल्या इंजिनाविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हरला एकही नाही. पण प्रत्येक चालीला ठोक एक मिनिट होता. स्टॉकफिशमध्ये कुठे वेळ वाचवायचा आणि अडचणीच्या चालीला कुठे खर्च करायचा याचा खूप विचार केलेला आहे, तो सगळा वाया गेला, शिवाय ६४ थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) हॅश मेमरी, म्हणजे आधी पाहिलेल्या पोझिशन साठवायची जागा, फक्त १ जीबी. मला तो आक्षेप अजूनही रास्त वाटतो. पुढच्या वर्षी ३ तास आणि दर चालीला १५ सेकंद जादा असे १००० डाव झाले, अल्फाझीरो १५५ जिंकला आणि ६ हरला, इतकंच काय दहापट कमी वेळ घेऊनही तो पुढे राहिला. म्हणजे आक्षेप बरोबर होता आणि अल्फाझीरो भारी आहे हेही बरोबर होतं. सेकंदाला ६० हजार पोझिशन बघणारा ६ कोटी बघणाऱ्याला हरवतो, यावरून नुसता स्पीड मोजून भागत नाही एवढं कळतं.

स्टॉकफिशवाले स्वतः हे फार मनावर घेतात. फिशटेस्ट या त्यांच्या चाचणी यंत्रणेवर नवा बदल साधारणपणे आधी १० सेकंद अधिक दर चालीला ०.१ सेकंद अशा डावांत तपासतात आणि तिथे पास झाला तर ६० अधिक ०.६ वर पुन्हा, कारण काही बदल घाईच्या डावात पॉइंट देतात आणि जास्त वेळ मिळाल्यावर तेच नडतात.

सीसीआरएल या इंजिनांना रेटिंग देणाऱ्या गटाची यादी ४० चालींना १५ मिनिटं म्हणते, पण ती मिनिटं आय७-४७७०के या प्रोसेसरची, दुसऱ्या मशीनवर वेळ त्या हिशोबात कमीजास्त करायचा. घरी टेस्ट करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो, रात्रभर मॅच लावून ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा स्पीड कमी करतो, म्हणजे घड्याळात ६० सेकंद दिसले तरी इंजिनला त्यातले कमीच मिळालेले असतात. दोन्ही इंजिनं प्रोसेसरवरच चालत असतील तर दोघांचंही सारखंच नुकसान होतं. एक प्रोसेसरवर आणि दुसरं लीला या इंजिनासारखं ग्राफिक्स कार्डवर असेल तर मात्र एकाचाच वेळ कापला जातो आणि सकाळी दिसणारा स्कोअर दुपारी त्याच रूममध्ये लावलेल्या मॅचशी जुळत नाही.