बोर्डाचा नकाशा कोणाकडे? लिनक्स फोनच्या वादामागचा इतिहास

ठाणे-बेलापूर पट्ट्यात लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर पोट असणारी माणसं भरपूर आहेत. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळणारे, वागळे इस्टेटमध्ये छोटी उपकरणं बनवणारे, डेटा सेंटरमध्ये राबणारे. त्यांच्या खिशातल्या फोनमध्येही बहुधा लिनक्सचाच कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टीमचा गाभा, असतो, कारण अँड्रॉइड त्यावरच उभं आहे. तरी त्या फोनवर आपल्या पसंतीची सिस्टीम टाकायची म्हटली की गाडी अडते. सर्व्हरवर जे अर्ध्या तासात होतं, ते फोनवर वर्षानुवर्षं होत नाही.

अँड्रॉइडऐवजी साधं लिनक्स चालवणाऱ्या फोनचा, म्हणजे लिनक्स फोनचा, विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: यूपीआय चालतं का? प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे येऊच. पण या फोनांभोवती पंचवीस वर्षं जो वाद चालला आहे तो मुळात ॲपचा नाही, हार्डवेअरचा आहे. बोर्डाचा नकाशा कोणाकडे असावा, चिपची माहिती कोणाला मिळावी, टॉवरशी जोडणाऱ्या मोडेमच्या आत चालणारा प्रोग्राम कोणाच्या ताब्यात असावा, यावरून ही माणसं भांडत आली आहेत. माझ्या मते ती योग्य जागी भांडत आहेत.

सुरुवात आपल्याच देशात शोधता येते. १९९८ मध्ये बंगळुरूत झालेल्या एका परिषदेतून स्वस्त हातातल्या संगणकाची कल्पना निघाली आणि भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक व एन्कोर कंपनीतले अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर घडवला. तो फोन नव्हता, पण लिनक्सवर चालत होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या हार्डवेअरचा आराखडा एका सार्वजनिक परवान्याखाली देण्यात आला. सॉफ्टवेअरच्या जीपीएल परवान्याचा (वापरा, बदला, पण बदल खुले ठेवा) विचार बोर्डाला लावून पाहणारे हे जगातले अगदी सुरुवातीचे लोक. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आणला, पण खप फारसा झाला नाही. त्यांनी मांडलेला परवान्याचा विचार मात्र आजही जुना वाटत नाही.

खऱ्या अर्थाने पहिला खुला फोन म्हणजे तैवानच्या एफआयसी कंपनीच्या आधाराने उभा राहिलेला ओपनमोको प्रकल्प. २००६ मध्ये घोषणा झाली आणि २००७ मध्ये ‘निओ १९७३’ विकसकांच्या हाती आला. हातात धरायच्या फोनवरून पहिला कॉल झाला ते वर्ष १९७३, म्हणून हे नाव. २००८ मध्ये ‘निओ फ्रीरनर’ आला. त्याचा स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचा आराखडा, खुला होता, बाहेरच्या खोक्याच्या कॅड फाइलीसुद्धा दिल्या होत्या. पहिल्या मॉडेलमधल्या जीपीएस चिपला बंद ड्रायव्हर (चिप चालवणारा, पण कोड न दिलेला प्रोग्राम) लागत असे, म्हणून दुसऱ्या मॉडेलमध्ये त्याशिवाय चालणारी चिप बसवली गेली. ज्यांनी हे केलं त्यांना आपण काय मागतोय याची पक्की जाण होती.

मग बिनसलं कुठे? एक म्हणजे ग्लॅमो नावाची ग्राफिक्स चिप. तिची कागदपत्रं गुप्ततेचा करार केल्याशिवाय मिळत नव्हती आणि प्रोसेसरपासून तिच्यापर्यंतचा रस्ताच इतका अरुंद होता की चांगल्या पडद्यावर चित्र रेंगाळत उमटे. दुसरं, कॉल करताना समोरच्याला गुणगुण ऐकू येई. रेडिओचे ठोके मायक्रोफोनच्या वाटेवर शिरत होते. हा दोष सॉफ्टवेअरने जाणारा नव्हता. पण नकाशा खुला असल्यामुळे लोकांनी तो स्वतः शोधला, कुठला कपॅसिटर कुठे डाखायचा हे ठरवलं, आणि जागोजागी सोल्डरिंगची आयर्न घेऊन फोन दुरुस्त केले. बंद फोनमध्ये हाच दोष असता तर सर्व्हिस सेंटरच्या खिडकीशी उभं राहण्यापलीकडे हाती काही नव्हतं. २००९ मध्ये पुढच्या मॉडेलचं काम थांबलं आणि ओपनमोको फोनच्या धंद्यातून बाहेर पडलं.

नोकियाची कथा वेगळ्या वळणाची. २००५ च्या ‘७७०’ टॅब्लेटपासून २००९ च्या ‘एन९००’ पर्यंत मेमो नावाचं लिनक्स त्यांनी जोपासलं. एन९०० मध्ये टर्मिनल उघडून हवं ते करता यायचं, पण ग्राफिक्सचा आणि बॅटरी चार्ज करण्याचा भाग बंदच होता. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरली. तिथून बाहेर पडलेल्यांनी योला कंपनी काढली. तिचा फोन २०१४ मध्ये भारतात आला आणि तिची सेलफिश सिस्टीम २०१६ मध्ये इंटेक्सच्या एका स्वस्त हँडसेटवरही दिसली. दोन्ही आले तसे गेले.

इथे जरा थांबून मूळ अडचण सांगायला हवी. पीसीवर लिनक्स टाकलं की कर्नल स्वतःच विचारून घेतो: कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे, डिस्क कुठे आहे. फोनच्या एआरएम बोर्डावर अशी विचारपूस होत नाही. कोणती चिप कुठल्या तारेवर, किती व्होल्टेजवर बसली आहे याचं वर्णन आधीच लिहून कर्नलला द्यावं लागतं. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. जुन्या सोसायटीत बिल्डरने पाण्याच्या लाइनचा नकाशा दिलाच नसेल तर एक गळती शोधायला चार भिंती फोडाव्या लागतात, तशी गत. फोन कंपनी स्वतःपुरता एक कर्नल चिपवाल्यांकडून घेते, त्यात हजारो ओळींची ठिगळं लावते, काही वर्षं अपडेट देते आणि सोडून देते. पडदा, बॅटरी, प्रोसेसर सगळं धडधाकट असून फोन भंगारात जातो तो यामुळे.

यावर दोन वाटा निघाल्या आणि त्यांच्यातला वाद आजही जिवंत आहे. एक वाट जुळवून घेण्याची. २०१२ मध्ये आलेल्या लिबहायब्रिस या सॉफ्टवेअरने अँड्रॉइडचे बंद ड्रायव्हर साध्या लिनक्सवर वापरण्याची सोय केली. सेलफिश, उबुंटू टच आणि पुढचा हेलियम प्रकल्प याच वाटेचे. कॅमेरा चालतो, ग्राफिक्स चालतं, पण कंपनीचा जुना कर्नल गळ्यात राहतो. दुसरी वाट मुख्य कर्नलमध्येच, म्हणजे सगळ्यांसाठी सामाईक असलेल्या मूळ लिनक्स कर्नलमध्ये, त्या फोनचा आधार घालण्याची. ही संथ आणि दमवणारी आहे, पण एकदा झालं की फोन कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. मी या दुसऱ्या वाटेच्या बाजूचा आहे.

२०१७ हे सगळ्याच बाजूंनी वळणाचं वर्ष ठरलं. एप्रिलमध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने उबुंटू फोनमधून अंग काढून घेतलं आणि यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी तो प्रकल्प उचलला. मे महिन्यात जुन्या फोनांसाठीच्या पोस्टमार्केटओएस या लिनक्स सिस्टीमची घोषणा झाली. फोनला दहा वर्षांचं आयुष्य मिळावं हा त्यांचा उद्देश. ऑगस्टमध्ये प्युरिझम कंपनीने ‘लिब्रेम ५’ या फोनसाठी लोकवर्गणी सुरू केली. आणि जुलैमध्ये जिओफोन जाहीर झाला.

जिओफोन या यादीत कसा, असं वाटेल. पण तो कायओएसवर चालत होता, कायओएस फायरफॉक्स ओएसमधून फुटलेलं आणि खाली लिनक्स कर्नल. घणसोलीत मुख्यालय असलेल्या कंपनीने देशभरात कोट्यवधी घरांत लिनक्सचा फोन पोचवला, आणि त्यावर ४जीचे कॉल पहिल्या दिवसापासून नीट लागत होते, कारण आत क्वालकॉम किंवा स्प्रेडट्रमची चिप होती आणि चिपवाले सोबतीला बसले होते. मात्र फोन जिओच्याच सिमला बांधलेला होता आणि मालकाला त्याच्या सिस्टीमला हात लावायची मुभा नव्हती. कर्नल खुला असला म्हणून फोन खुला होत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

लिब्रेम ५ ने खुलेपणाची रेघ सर्वात कडक आखली. मोडेम आणि वायफाय मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या, काढता येणाऱ्या कार्डांवर ठेवले. कडेला तीन खटके दिले: मोबाईल नेटवर्क, वायफाय-ब्लूटूथ, कॅमेरा-माइक. खटका पाडला की वीजच बंद. पण एनएक्सपीच्या त्या प्रोसेसरला मेमरी सुरू करताना एक बंद प्रोग्राम लागतोच. तो मुख्य सिस्टीमपासून दूर ठेवून दुय्यम प्रोसेसरकडून चालवायचा तोडगा प्युरिझमने मांडला, आणि त्यावर मोठी खडाजंगी झाली. बंद प्रोग्राम नजरेआड केला म्हणजे तो नाहीसा झाला का? की मुख्य सिस्टीम स्वच्छ ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग? मला वाटतं, जे बंद आहे ते उघडपणे दिसावं आणि बदलता यावं हे बरं. फोनला उशीरही फार झाला: जानेवारी २०१९ चा वायदा, पहिली छोटी तुकडी सप्टेंबर २०१९ मध्ये, मोठं उत्पादन नोव्हेंबर २०२० मध्ये.

पाइन६४ कंपनीने उलटं केलं. जुनी, स्वस्त पण लिनक्सवाल्यांना पाठ झालेली ऑलविनर ए६४ चिप घेतली, १४९ डॉलर किंमत ठेवली आणि जानेवारी २०२० पासून पाइनफोन पाठवायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर लोकांनी लिहायचं; अशा प्रकल्पांच्या नावाने काढलेल्या विशेष आवृत्त्यांच्या प्रत्येक फोनमागे १० डॉलर त्या त्या प्रकल्पाला.

हा फोन उघडून पाहण्यासारखा आहे. मागचं झाकण नखाने निघतं. आत सहा इवले खटके एका ओळीत: मोडेम, वायफाय, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, हेडफोन. आणि बॅटरी? २०१५ च्या सॅमसंग जे७ ची चालते. ती ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानातही सहज मिळण्यासारखी आहे. स्किमॅटिक पीडीएफमध्ये मिळतो. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्याला याचं मोल लगेच कळतं. हॉट एअरने आयसी उचलून रीबॉल करणारा, म्हणजे तिच्याखालचे सोल्डरचे ठिपके नव्याने बसवणारा, कारागीर रोज जो बोर्डाचा नकाशा पडद्यावर उघडतो, तो कंपनीने दिलेला नसतो. कुठून तरी बाहेर पडलेला असतो आणि त्यासाठी दरवर्षी पैसे भरावे लागतात. इतकं कौशल्य असलेल्या माणसाला चोरवाटेने माहिती घ्यावी लागते, हे मला फार खटकतं.

पाइनफोनचा मोडेम हा या इतिहासातला सर्वात रंजक तुकडा. क्वेक्टेल ईजी२५-जी नावाच्या त्या मोडेमच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर आहे आणि त्यावरही लिनक्सच चालतं. स्वयंसेवकांनी तो उलगडला आणि आतल्या लिनक्सवरचा कंपनीचा बहुतेक भाग काढून आपला खुला भाग बसवला. टॉवरशी बोलणारा गाभा तरीही बंद राहिला. तिथपर्यंत अजून कोणत्याही ४जी फोनमध्ये कोणी पोचलेलं नाही. २जीच्या काळात ऑस्मोकॉम प्रकल्पाने तेही करून दाखवलं होतं, जुन्या मोटोरोला फोनांतल्या कॅलिप्सो चिपवर. आणि ओपनमोकोच्या निओमधला मोडेम त्याच कॅलिप्सोचा होता.

भारतात हा बंद गाभा जास्त टोचतो. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) नसेल तर त्या सिमवर इंटरनेट चालेल पण कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयवर कॉल २जीवर उतरतो आणि निभावून जातं. पाइनफोनमध्ये व्होएलटीई मोडेमच सांभाळतो, फक्त योग्य प्रोफाइल निवडावी लागते. वनप्लस ६ किंवा पोको एफ१ सारख्या स्नॅपड्रॅगन ८४५ च्या फोनांवर मुख्य कर्नल सुरेख चालतो, पण व्होएलटीई सहजासहजी मिळत नाही. नेरूळला राहणाऱ्या कोणी जुना पोको घेऊन त्यावर पोस्टमार्केटओएस टाकलं, तर त्याला पहिला निर्णय सिम कोणतं हाच घ्यावा लागेल.

यूपीआयचं थोडक्यात. ॲप सिम त्याच फोनमध्ये असल्याची एसएमएसने खात्री करतं आणि सिस्टीममध्ये फेरफार दिसला तर अडतं. लिनक्समध्येच अँड्रॉइड चालवणाऱ्या वेड्रॉइडमध्ये अँड्रॉइड ॲप उघडतात, पण बँकेच्या ॲपचा भरवसा धरता येत नाही. बहुतेक जण यासाठी दुसरा फोन ठेवतात. ही तडजोड मोठी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या पाइनफोन प्रोचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. नव्या खास फोनांपेक्षा जुन्या अँड्रॉइड फोनांवर मुख्य कर्नल आणण्याचं काम आज जास्त जोमात आहे, आणि आपल्यासाठी तेच सोयीचं, कारण परदेशातून एकेक हँडसेट मागवणं कस्टम्समुळे महाग पडतं. स्नॅपड्रॅगन ८४५ चे फोन इथे सेकंडहँड मिळतात.

सरकारी पातळीवर ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाच्या समितीने फोन किती सहज उघडतो, सुटे भाग, अवजारं, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट हे निकष सुचवले. ओपनमोकोवाले २००८ मध्ये मागत होते त्यातली दुरुस्तीची माहिती त्यात आली आहे. अपडेट थांबल्यावर बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा प्रोग्राम) उघडून देण्याची आणि चिपची कागदपत्रं खुली करण्याची सक्तीही त्यात यायला हवी.