‘सामाजिक-भावनिक’ला जोडलेले ‘नैतिक’ : लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत इसापनीती आहे. १८०६ साली ती तंजावरला छापली गेली. गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ देण्याची रीत अशा पुस्तकांतूनच घरोघरी रुजली, आणि गोष्ट ऐकताना मुलाला काय वाटले, हा प्रश्न पुढे बराच काळ कोणी विचारला नाही.

मुलाला प्रश्न विचारत, त्याच्या उत्तराचा धागा पकडून पुस्तक वाचून दाखवण्याची पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासातून पुढे आली. त्या अभ्यासातील मुले जेमतेम दोन वर्षांच्या आसपासची होती आणि हेतू त्यांची भाषा वाढवण्याचा होता, हे आज सहसा सांगितले जात नाही. भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहणे ही उद्दिष्टे या पद्धतीला नंतर जोडली गेली. ‘सामाजिक आणि भावनिक शिक्षण’ ही संज्ञाही १९९४ च्या सुमारासच तेथे रूढ होऊ लागली.

भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर आखला, तेव्हा हा विषय अंगणवाडीपर्यंत येणे अपरिहार्य होते. खरा पेच मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आहे. त्यात विकासाचे क्षेत्र नुसते ‘सामाजिक-भावनिक’ नाही, तर ‘सामाजिक-भावनिक आणि नैतिक’ आहे. या एका क्षेत्राखाली तीन ध्येये येतात : आपल्या भावना समजून त्या सांभाळणे आणि सामाजिक रीतींना सकारात्मक प्रतिसाद देणे, काम आणि सेवा यांविषयी आस्था, निसर्गाविषयी आपुलकी. पहिल्या ध्येयातच भावना आणि रीत एका वाक्यात बांधल्या आहेत.

समर्थकांचे म्हणणे असे की, खाऊ वाटून खाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाच्या वागण्यात भावना कुठे संपते आणि नीती कुठे सुरू होते, हे वेगळे काढताच येत नाही. म्हणणे खोटे नाही. पण पुस्तक हातात असलेल्या ताईंसाठी हा फरक निर्णायक ठरतो. घरात नवे बाळ आल्यावर रुसून माळ्यावर जाऊन बसलेल्या मुलीची गोष्ट घ्या. ‘तिला काय वाटले असेल?’ असे विचारले की मुले स्वतःच्या घरचे सांगू लागतात. ‘शहाण्या मुलीने असे रुसावे का?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणतो आणि पुस्तक मिटते. आराखड्याने पहिला प्रश्न नाकारलेला नाही, पण ‘नैतिक’ हा शब्द जोडून दुसऱ्या प्रश्नाला आयते निमित्त दिले आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच आराखड्यावर आधारित साहित्यसंच आला. त्यात खेळणी, कोडी आणि बाहुल्यांबरोबर गोष्टींची पुस्तकेही आहेत.