सांताक्रूझचा पाऊस: हिस्टोग्राम की घनतावक्र?

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. कुलाब्याला त्याच काळात ७५ मिमीसुद्धा झाला नाही. मुंबईच्या पावसाचा डेटा असाच असतो: बहुतेक दिवस कोरडे, काही दिवशी थोड्या सरी, आणि क्वचित असं काही. अशा नोंदी थेट येत असताना त्यांचं स्वरूप सतत तपासायचं, तर पडद्यावर हमखास दोन गोष्टी दिसतात. खांबांचा हिस्टोग्राम आणि त्यावरून जाणारा गुळगुळीत घनतावक्र. वक्र म्हणजे त्याच खांबांची घोटून काढलेली आवृत्ती, असा समज होतो. तो चुकीचा आहे.

शाळेतल्या आयतालेखात, म्हणजे साध्या हिस्टोग्राममध्ये, मूल्यांचे वर्ग आधी ठरतात. २०० मिमीच्या पुढे एकच वर्ग ठेवला असेल, तर २१० आणि ९४४ एकाच खांबात जातात. अनुकूली हिस्टोग्राम मात्र कप्पे डेटा पाहून जुळवतो. बेन-हाइम आणि टॉम-टोव्ह यांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत मला सगळ्यात स्वच्छ वाटते. समजा, ५० कप्प्यांची मर्यादा आहे. प्रत्येक कप्प्यात फक्त सरासरी आणि संख्या. नवं मूल्य आलं की त्याचा स्वतंत्र कप्पा. मर्यादा ओलांडली की सर्वांत जवळचे दोन कप्पे एकत्र. ४ मिमीच्या ३० नोंदी आणि ५ मिमीच्या १० मिळून ४.२५ मिमीच्या ४० होतात. ९४४ च्या आसपास कोणीच नसल्यामुळे तो वेगळा टिकतो. शिवाय कुलाबा आणि सांताक्रूझचे हिस्टोग्राम वेगवेगळ्या यंत्रांवर बनवून नंतर जोडता येतात. एकत्र झालेले कप्पे पुन्हा सोडवता येत नाहीत, एवढी किंमत मोजावी लागते.

घनतावक्राची रीत वेगळी. रोझनब्लॅट (१९५६) आणि पार्झन (१९६२) यांच्या कर्नल पद्धतीत प्रत्येक नोंदीवर एक छोटा उंचवटा ठेवतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. म्हणजे प्रत्येक नोंद जवळ ठेवावी लागते, आणि थेट येणाऱ्या नोंदींच्या प्रवाहाला तर शेवट नसतो. म्हणून प्रत्यक्षात नमुना, अलीकडच्या काळाची खिडकी किंवा वरच्यासारखे कप्पेच वापरावे लागतात. वक्राची उंची म्हणजे शक्यता नव्हे. ती १ पेक्षा जास्तही असू शकते. शक्यता वक्राखालच्या क्षेत्रफळात असते.

पावसाच्या बाबतीत खरी अडचण शून्याची. शून्यावरच्या उंचवट्याचा अर्धा भाग डावीकडे सांडतो आणि वक्र चक्क ऋण पाऊस दाखवतो. उंचवट्याची रुंदी, म्हणजे बँडविड्थ, ठरवण्याचा सिल्व्हरमन यांचा नियम प्रमाण विचलन आणि चतुर्थकांमधलं अंतर (मधल्या अर्ध्या नोंदींचा पल्ला, १.३४ ने भागून) यांतलं लहान माप घेतो. तीन चतुर्थांशांहून अधिक नोंदी शून्य असल्या की ते अंतर शून्य, आणि बँडविड्थही शून्य! उन्हाळ्यात मुंबईत हे रोजचंच.

म्हणून प्रवाहाची नोंद हिस्टोग्राममध्येच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. वक्र हवाच असेल, तर शून्यं वेगळी मोजून उरलेल्या ओल्या दिवसांच्या मूल्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यावा आणि मग तो काढावा. पुन्हा मिमीत येताना प्रत्येक ठिकाणची उंची तिथल्या मूल्याने भागायला विसरू नये.