नाण्यापुरता सम्राट: स्पॉन्सियनच्या सोन्यामागची तीनशे वर्षं

स्पॉन्सियन नावाचा रोमन सम्राट खरंच होता का, हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाएकी जगभरच्या बातम्यांत आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले भूवैज्ञानिक पॉल पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात लेख लिहून दावा केला, की त्याचं नाव असलेलं सोन्याचं नाणं प्राचीनच आहे. शिवाय तो डाशिया या, आजच्या रोमानियातल्या, रोमन प्रांतातला तिसऱ्या शतकातला सेनानी असावा, असा तर्कही मांडला. मथळे देणाऱ्यांनी तर्काचा निकाल करून टाकला: हरवलेला सम्राट सापडला! नाणं जुनं असणं आणि त्यावरचा माणूस सम्राट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा वाद या दोहोंच्या मधल्या जागेत आहे.

गोष्ट सुरू होते व्हिएन्नात. हाब्सबर्ग दरबाराचा नाणेसंग्रह सांभाळणाऱ्या कार्ल गुस्ताव हेरेउसने मार्च १७१३ मध्ये आठ नाणी घेतल्याची नोंद केली. ती ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियात, सापडलेली होती. पत्ता एवढाच. याच जातीची नाणी पुढे वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली. एक स्पॉन्सियन ट्रान्सिल्व्हेनियाचा गव्हर्नर सॅम्युएल फॉन ब्रुकेन्थालकडे गेला आणि आज सिबिऊच्या संग्रहालयात आहे. चार नाणी स्कॉटिश डॉक्टर विल्यम हंटरच्या हाती १७८२ मध्ये लागली. ती ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहेत.

ही नाणी पाहिली की जाणकाराच्या कपाळावर आठी पडते. रोमन नाणं दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून, वर हातोडा मारून पाडत. ही नाणी मात्र साच्यात ओतलेली आहेत, आणि ओतीव नाणं म्हटलं की खोट्याचा संशय आधी येतो. स्पॉन्सियनच्या नाण्यावर नाव षष्ठीत आहे, 'इम्प स्पॉन्सियानी', म्हणजे 'सम्राट स्पॉन्सियनचे'. रोमन नाण्यांवर नाव असं सहसा येत नाही. मागच्या बाजूचं खांबाचं चित्र तर इ.स.पू. १३५ मधल्या गायस मिनुशियस ऑगुरिनसच्या चांदीच्या दिनारावरून उचललेलं. तिसऱ्या शतकातल्या सम्राटाने चारशे वर्षं जुनं चित्र का घ्यावं? सोबतच्या नाण्यांवर तिसरा गॉर्डियन आणि फिलिप हे दोन खरे सम्राट आहेत, पण कारागिरी तितकीच ओबडधोबड.

संशयाला काळाचीही जोड होती. सोळाव्या शतकात पादुआच्या जोवान्नी दा काव्हिनोने रोमन धर्तीची इतकी देखणी नाणी घडवली, की पुढे ती अस्सल म्हणून विकली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर नव्या नाण्यांना जुनेपणा यावा म्हणून ती लोखंडाच्या किसासोबत डब्यात घालून गाडीतून फिरवत असे. (माणूस लबाड खरा, पण कष्टाळू.) या पार्श्वभूमीवर फ्रेंच नाणेतज्ज्ञ आंरी कोएनने १८६८ मध्ये स्पॉन्सियनची नाणी बनावट आणि तीही सुमार ठरवली, आणि जवळजवळ दीडशे वर्षं तेच मत टिकलं.

पिअरसन यांच्या गटाने हंटेरियनमधली नाणी सूक्ष्मदर्शकाखाली आणि अतिनील प्रकाशात पाहिली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपटही वापरले. तुलनेला गॉर्डियन आणि फिलिपची निर्विवाद खरी नाणी घेतली. ओरखड्यांची ठेवण हातोहात फिरलेल्या नाण्यांसारखी निघाली. पृष्ठभागावर मातीचे कण सिलिकाने घट्ट चिकटलेले दिसले, ते दीर्घकाळ पुरलं गेल्याची खूण मानलं गेलं. यावरून त्यांनी चित्र उभं केलं: तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर, साम्राज्य फुटत असताना, डाशिया एकटा पडला. तिथे सोन्याच्या खाणी होत्या, टांकसाळ नव्हती. स्थानिक सेनापतीने सोनं ओतून चलन काढलं. सम्राट ऑरेलियनच्या काळात, इ.स. २७० नंतरच्या काही वर्षांत, रोमने हा प्रांत सोडला.

चित्र सुसंगत आहे, पण बहुतेक नाणेतज्ज्ञांना ते पटलेलं नाही. ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड अ‍ॅब्डी यांचा आक्षेप साधा आहे: नाणं आहे म्हणून माणूस होता, आणि माणूस होता म्हणून नाणं त्याचं, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. मला हा आक्षेप रास्त वाटतो. माती आणि ओरखडे नाण्याचं वय आणि वापर सांगू शकतील, पण ते कोणी ओतलं हे सांगणार नाहीत. स्पॉन्सियनस हे नाव अन्यत्र केवळ रोममधल्या एका शिलालेखात आढळतं आणि तो १७२० च्या दशकात उजेडात आला. मग १७१३ मधल्या बनावटखोराला हे नाव सुचलं कुठून? हा बाजू घेणाऱ्यांचा चांगला मुद्दा आहे. तरी संग्राहकांना हवे असतात ते दुर्मीळ राज्यकर्ते, हेही विसरता येत नाही.

आणखी एक शक्यता बहुतेकदा बाजूलाच राहते. नाणं प्राचीन असून अधिकृत नसेल तर? साम्राज्याबाहेर रोमन नाण्यांच्या नकला सर्रास होत. महाराष्ट्रातल्या तेरला, जुन्या तगरला, रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. ते गळ्यात घालण्याजोगे दागिने होते, फसवणुकीचा हेतू नव्हता.

असा तिढा सुटल्याचं उदाहरण आहे. १९०० मध्ये फ्रान्समधल्या ले क्लेऑं इथे एका नाणेसाठ्यात डोमिशियानस नावाच्या, कोणालाच नीट ठाऊक नसलेल्या, सम्राटाचं नाणं निघालं. तज्ज्ञांनी ते खोटं म्हणून बाजूला सारलं. २००३ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या चालग्रोव्ह गावाजवळ धातुशोधकाने एक हंडा वर काढला. त्यात जवळपास पाच हजार नाणी एकमेकांना चिकटलेली होती आणि त्या ढेपेत डोमिशियानस होता. दोन्ही नाणी एकाच ठशांतून पाडलेली निघाली. शतकभर खोटं ठरलेलं फ्रेंच नाणं खरं ठरलं, आणि ते प्रयोगशाळेतल्या चाचणीने नव्हे, तर कोणी हात न लावलेल्या हंड्यामुळे. स्पॉन्सियनच्या बाबतीत असा हंडा अजून निघालेला नाही.